लाकूड कातायचा छोटा लेथ : दसरा ते श्रावण, वापरानंतरचा अनुभव

गेल्या खंडेनवमीला हा लेथ आमच्या शहापुरातल्या घरी पहिल्यांदा पूजेला लागला. आता श्रावण सरत आलाय. मधला कोरडा उन्हाळा आणि बेळगावचा पाऊस, दोन्ही या यंत्रानं काढले आणि त्यावर कातलेल्या लाकडानंही काढले. नवा लेथ घेऊन आठवड्याभरात लिहिलेले अभिप्राय मी घेण्याआधी पुष्कळ वाचले होते. त्यांत लाकडाचं पुढं काय होतं ते कुठंच नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

यंत्र असं : १० इंची स्विंग (म्हणजे जास्तीत जास्त एवढ्या व्यासाचं लाकूड फिरतं), दोन सेंटरमध्ये, म्हणजे लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोच्यांमध्ये, १८ इंच जागा, अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, बेल्ट सरकवून पाच वेग, मिनिटाला सर्वांत कमी ७५० आणि सर्वांत जास्त ३,२०० फेरे. स्पिंडलला (फिरत्या दांड्याला) १ इंच ८ टीपीआयचे, म्हणजे इंचाला आठ, आटे, दोन्ही टोकांना मोर्स टेपर नंबर २ (निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप). हाच सांगाडा रंग बदलून बऱ्याच नावांनी विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा हे आकडे जुळवून बघा. आटे आणि टेपर या मापाचे असले की चक (लाकूड पकडणारे जबडे), फेसप्लेट (लाकूड स्क्रूनं बसवायची तबकडी), ड्रिल चक सगळं सहज मिळतं. वाहतूक धरून मला चाळीस हजारांच्या आत पडला. चार जबड्यांचा चक, ग्राइंडर, बऱ्या पटाश्या आणि तोंडावरची पारदर्शक ढाल यांना मिळून लेथच्या निम्म्याहून जास्त पैसे लागले. हा खर्च आधीच धरून चला, कारण नुसत्या लेथवर लाटण्यापलीकडं फारसं काही होत नाही.

खोका उघडल्यावर दोन तक्रारी निघाल्या. पहिली म्हणजे दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांसमोर आणली की उंचीत जवळपास एक मिलिमीटरचा फरक दिसायचा. दोन सेंटरमध्ये लाटणं कातताना हा फरक जाणवत नाही. टेलस्टॉककडून (समोरच्या सरकत्या टोकाकडून) भोक पाडायला गेलं की मात्र भोक तोंडाशी रुंद होतं. विकणाऱ्यानं ‘एवढं चालतं’ म्हणून हात वर केले. शेवटी उद्यमबाग या आमच्याकडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये डायल (बारीक फरक मोजायचा काटा) लावून मोजून घेतलं आणि हेडस्टॉकखाली (मोटरकडच्या डोक्याखाली) पितळेची पातळ पट्टी सारली. बेळगावात राहायचा हा मोठा फायदा आहे. फौंड्री आणि मशीन शॉपचं गाव असल्यामुळे फेसप्लेट कातून देणारा, आटे पाडून देणारा, धार लावायचा जिग (पटाशीचा कोन धरून ठेवणारा सांगाडा) वेल्ड करून देणारा माणूस स्कूटरच्या अंतरावर सापडतो.

दुसरी तक्रार सोबत आलेल्या पटाश्यांची. त्या साध्या कार्बन स्टीलच्या होत्या. ग्राइंडरवर जरा जास्त टेकल्या की कड निळी पडायची, आणि निळी पडलेली कड मऊ होते, धार धरत नाही. हायस्पीड स्टीलचं तसं नाही. रंग बदलला तरी त्याचं पाणी उतरत नाही. म्हणून एक रफिंग गाउज (चौकोनी दांडा गोल करायची पन्हाळी पटाशी), एक स्पिंडल गाउज (दांड्यांच्या बारीक कामाला), एक बोल गाउज (वाडग्याला), एक स्क्यू (तिरप्या धारेची) आणि एक पार्टिंग (तुकडा तोडायची) एवढंच एचएसएसमध्ये, म्हणजे हायस्पीड स्टीलमध्ये, घेतलं आणि बाकीच्या बाजूला ठेवल्या. जुन्या कानशी घासून पटाश्या करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकू नका. कानस कडक आणि ठिसूळ असते, फिरत्या लाकडात अडकली तर तुकडा उडतो.

धार लावायला मला शिकवलं ते उद्यमबागच्या फौंड्रीत उभा जन्म काढलेल्या एका पॅटर्नमेकर काकांनी. ओतकामाचा साचा वाळूत उठवायला आधी लाकडाचा पॅटर्न लागतो, आणि गोल पॅटर्न लेथवरच कातले जातात. थंड होताना बीड (ओतीव लोखंड) आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागं साधारण १० मिलिमीटर मोठा करायचा, आणि त्यासाठी मापातच वाढ धरलेली वेगळी पट्टी वापरायची. ती पट्टी काकांनी अजून तेल लावून जपलीय. त्यांनी पहिल्या भेटीत मला लाकडाला हातच लावू दिला नाही. पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड, स्पिंडल गाउज ४० अंशाच्या आसपास, बोल गाउज ५५ ते ६०, आणि दर वेळी तोच कोन, एवढंच घोटून घेतलं. मग लेथवर शिसवीचा चौकोनी दांडा चढवला. मी पटाशी रेटत होते, लाकडाचा नुसता भुसा उडत होता आणि दांड्यावर केसाळ रेघा उठत होत्या.

“जोर कशाला लावालीस गं? पाठ टेकव आधी. लाकूड येऊ दे की पटाशीकडं.”

पाठ म्हणजे धारेमागचा उतार. तो फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा, तेव्हा काहीच कापलं जात नाही. मग मूठ केसभर वर उचलायची. धार लागते आणि भुशाऐवजी लांब, सलग ढलपी सुटून मनगटावर येऊन पडते. आवाजही बदलतो, खरखर थांबून सळसळ सुरू होते. स्क्यूनं असा कातलेला पृष्ठभाग मी पॉलिशपेपर न लावता बोटांनी चाचपला तेव्हा गुळगुळीत होताच, वर त्याला लकाकी होती. तेव्हापासून ८० नंबरचा जाडाभरडा पेपर माझ्याकडं क्वचितच निघतो, १८० पासून पुढंच काम भागतं.

आता या लेथची खरी मर्यादा. लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान राहिलं पाहिजे, असा एक जुना ठोकताळा आहे. १० इंची वाडग्याला म्हणजे ६०० ते ९०० फेरे. ठोकळा ओबडधोबड, एका अंगाला जड असेल तर त्याहूनही कमी. या लेथचा किमान वेग ७५० आहे, म्हणून कागदावर १० इंच लिहिलं असलं तरी ओल्या, वाकड्या ठोकळ्यासाठी ७ ते ८ इंचच धरा, आणि तोही आधी सॉ मिलमध्ये बँडसॉवर गोल करून घ्या. टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवल्यावर थरथर पुष्कळ कमी झाली. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटर मोठ्या वाडग्यावर दमते. तेव्हा घास कमी घ्यायचा किंवा सकाळची वाट बघायची. लाटणी, करंडे, भोवरे, रवीचे दांडे, पेनं यांना मात्र ही मोटर भरपूर आहे. आणि रफिंग गाउज वाडग्याला कधीही लावू नका. त्याची शेपटी बारीक असते, आडव्या रेषांच्या लाकडात अडकली की मोडते.

लाकडासाठी मी जंगलाकडं बघत नाही. सागवान आणि शिसवी वखारीतून पावतीसह किंवा सुतारांकडच्या उरलेल्या तुकड्यांतून घेते. वादळात पडलेला आंबा आणि फणस घराघरांतून मिळतो. फणस कातायला मला सर्वांत आवडतो. ताजा असताना हळदीसारखा पिवळाधमक दिसतो आणि महिन्यागणिक तांबूस तपकिरी होत जातो. सागवानात वाळूचा अंश असतो, त्यानं धार लवकर बोथटते, म्हणून ग्राइंडरच्या फेऱ्या वाढतात.

ओलं लाकूड एकदाच पुरतं कातलं तर वाळताना तडकतं किंवा लंबगोल होतं, कारण वाढीच्या वलयांच्या दिशेनं ते वलयांना आडव्या, गाभ्याकडून सालीकडं जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट आकसतं. म्हणून व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत जाड ठेवून वाडगा कातायचा, रेषा उघड्या पडतात तिथं मेण फासायचं, त्याच्याच ढलप्यांसोबत कागदी पिशवीत ठेवायचा आणि अधूनमधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. वजन मी बुडाला पेन्सिलीनं लिहिते. फणसाच्या एका वाडग्यावर १,१४० पासून ७६० ग्रॅमपर्यंतचा उतरता हिशोब आहे, आणि त्याखाली मृगानंतरचा आकडा ७८५. आपल्याकडच्या पावसात लाकूड हवेतलं पाणी परत पितं. दुसरी कातणी मी आता पाऊस उघडल्यावरच करणार.

यंत्राच्या किमतीत न येणारी आणि मला सर्वांत जास्त पुढं नेणारी गोष्ट म्हणजे आमचा मेळ. काका, खानापूरकडचा एक कॉलेजचा मुलगा, गोकाकचे एक डॉक्टर, निपाणीचे दोघे भाऊ आणि मी असे महिन्याच्या एका रविवारी जमतो. प्रत्येकानं एक तयार वस्तू आणायची, आणि ती कोणत्या पटाशीनं, किती वेगावर केली ते सांगायचं. वस्तू टेबलावर मांडून ठेवत नाहीत, हातोहात फिरवतात. काका डोळे मिटून वाडग्याची भिंत अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतात आणि काठापासून बुडापर्यंत हळू उतरत जातात. जाडी बदलली की चिमूट तिथंच थांबते. “हितं बघ.” फोटोत हे कुणालाच दिसलं नसतं. डॉक्टरांच्या गावाला लाकडी फळं आणि खेळण्यांची जुनी परंपरा आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेवर रंग कसा चढवायचा आणि केवड्याच्या पानानं तो कसा एकसारखा पसरवायचा, हे त्यांनी कारागिरांकडं बघितलेलं आम्हाला करून दाखवलं. माझा पहिला लाखेचा भोवरा हातात घेऊन ते म्हणाले, “अक्का, भाळ चलो ऐती.” (ताई, फार छान आहे.) मला फार आनंद झाला.

संक्रांतीच्या वाणाला मी शिसवीचे कुंकवाचे करंडे कातले. जानेवारीत झाकण उचलताना ‘पक्’ असा बारीक आवाज यायचा, इतकं ते नेमकं बसत होतं. आषाढात गल्लीतल्या काकूंकडून निरोप यायला लागले, की झाकण निघेना. लाकूड फुगतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही, त्यामुळे गोल तोंड जरासं लंबगोल होतं. रविवारी हे करंडे टेबलावर आले तेव्हा निपाणीच्या थोरल्या भावानं सुचवलं, की झाकणाचा आतला ओठ आखूड ठेव आणि कोरड्या दिवसांत तो जरा सैलच बसू दे. तसे केलेले करंडे या पावसात नीट उघडतात. घराच्या फळीवर राहिले असते तर हे मला कळलंच नसतं. म्हणून नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं, वस्तू वापरणाऱ्या घरी जाऊ द्या आणि दोन ऋतूंनी विचारपूस करा.

पॉलिशचं थोडक्यात : शोभेच्या वस्तूंना स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, खाण्याच्या भांड्यांना कच्चं जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण. पावसात जवस फार सावकाश वाळतं. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते : ओढणी, पदर, बांगड्या, लांब मंगळसूत्र काहीही अंगावर ठेवून लेथ सुरू करू नका, केस घट्ट बांधा, हातमोजे घालू नका. शिसवी आणि सागवानाच्या धुळीनं घसा आणि कातडी चरचरते, एन-९५ मास्क हवाच.

घ्यावा का? लाटण्यापासून ८ इंची वाडग्यापर्यंतचं काम डोळ्यांसमोर असेल आणि जागा जिन्याखालची असेल, तर जरूर घ्या. सुरुवातीपासून मोठे वाडगेच करायचे असतील तर थांबा, पैसे साठवा आणि वेग शून्याजवळून वाढवता येणारा, किमान एक हॉर्सपॉवरचा लेथ बघा. घेताना दुकानातच दोन्ही सेंटर टोकाला टोक लावून तपासा आणि फरक असेल तर तिथंच परत करा.