डीएनए किट रिव्ह्यू : थुंकी माझी, पण सातबारा सामाईक

पाचपैकी अडीच स्टार. त्यातला अर्धा नुसता पॅकिंगचा आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मला कुणाच्या वकिलाचा ईमेल नकोय. तसंही इथे अमेरिकेत चार-पाच मोठ्या कंपन्या आहेत, किट सगळ्यांचं साधारण सारखंच. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये बायकोने दोन मागवली, एक माझ्यासाठी आणि एक अजून ड्रॉवरमध्ये पडलंय, ते का पडलंय ते पुढे येईल.

किट म्हणजे एक छोटा डबा, त्यात प्लॅस्टिकची ट्यूब, बारकोड आणि परत पाठवायचं पाकीट, पोस्टेज भरलेलं. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि मग रेघेपर्यंत थुंकायचं. रेघेपर्यंत म्हणजे फेस धरायचा नाही, फेस खाली बसल्यावर जे उरतं ते. सकाळी उठून चहाशिवाय अर्धा तास काढून मग ट्यूबमध्ये थुंकत बसणारा माणूस बघायला पोरं गोळा झाली होती. झाकण घट्ट केलं की वरचं लिक्विड खाली उतरतं, हलवायचं, पाठवायचं. पाच आठवड्यांनी रिझल्ट.

रिझल्ट काय तर ९८ टक्के साउथ एशिया. अहो हे आरशात बघून फुकट कळत होतं. उरलेले दोन टक्के सेंट्रल एशिया होते, मी भावकीच्या ग्रुपवर टाकलं, काकांनी लगेच इतिहास जोडला, दोन दिवस घोडदळाच्या गप्पा झाल्या आणि पुढच्या महिन्यात कंपनीने अपडेट दिला त्यात ते दोन टक्के गायब. पूर्वज ईमेलवर आले आणि ईमेलवर गेले. यात फसवणूक अशी नाही, ह्यांच्याकडे गोऱ्या लोकांचे नमुने ढिगाने आणि आपले मूठभर, त्यामुळे आयरिश माणसाला जिल्ह्यापर्यंत सांगतात आणि आपल्याला अर्धा खंड हातात देतात.

नातेवाईक शोधायचं फीचर मात्र खरंच भारी आहे, एक स्टार त्याचा. तुमचा आणि दुसऱ्याचा डीएनए किती जुळतो ते सेंटीमॉर्गन नावाच्या मापात दाखवतात. मला टेक्सासमधला एक जण "सेकंड कझिन" म्हणून दाखवला. दोन फोन झाल्यावर कळलं की नातं त्यापेक्षा बरंच लांबचं आहे पण दोन-दोन बाजूंनी आहे, कारण आमच्यात आजोबांच्या पिढीपर्यंत मामाची मुलगी करायची पद्धत होती, त्यामुळे डीएनए फिरून फिरून तिथेच येतो आणि लांबचा माणूस जवळचा दिसतो. गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण याच आकड्यांवरून पोलीस माणूस शोधतात हे कळल्यावर गंमत वाटेना.

तर झालं असं की मॅच कमी होते म्हणून कुणीतरी सुचवलं की रॉ डेटा, म्हणजे डीएनएची कच्ची फाइल, डाउनलोड कर आणि जेडमॅचवर टाक, फुकट आहे, वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक तिथे एकत्र सापडतात. जेडमॅच २०१० मध्ये दोघा हौशी माणसांनी चालू केलेली साइट, वंशावळ जुळवणाऱ्यांसाठी. मी फाइल चढवली आणि पुढे स्क्रीन आली की तुमचं किट कसं ठेवायचं : प्रायव्हेट, रिसर्च, पब्लिक ऑप्ट-इन, पब्लिक ऑप्ट-आउट. इन म्हणजे पोलिसांनी गुन्ह्याच्या जागी सापडलेला डीएनए टाकला तर तुमच्याशी जुळवून बघू शकतात. आउट म्हणजे गुन्ह्यांसाठी नाही, फक्त बेवारस प्रेतांची ओळख पटवायला. प्रेतांचं मला पटलं, कुणाची तरी आई वाट बघत असेल. पण इन की आउट यावर माझं बोट तिथेच अडलं.

सगळ्यांना गोल्डन स्टेट किलरची केस माहीत असते. १३ खून, पन्नासच्या आसपास बलात्कार, कॅलिफोर्नियाचे पोलीस चाळीस वर्षं शोधत होते आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये जोसेफ डीअँजेलो नावाचा माजी पोलीसच निघाला, तो पण जेडमॅचवरच्या कुठल्यातरी दूरच्या भावंडांच्या डीएनएवरून. ही केस ऐकली की कुणीही ऑप्ट-इन दाबेल, मी पण दाबणार होतो.

पण मला जी केस चावली ती अमेरिकेतल्याच आयडाहो फॉल्स शहराची. १९९६ मध्ये तिथे अठरा वर्षांच्या अँजी डॉजचा खून झाला. पोलिसांनी क्रिस्टोफर टॅप नावाच्या पोराला धरलं, तासन्‌तास चौकशी करून कबुली घेतली, डीएनए जुळत नव्हता तरी १९९८ मध्ये दोषी ठरला. खरा डीएनएवाला कोण ते कुणालाच माहीत नाही. मग २०१४ मध्ये पोलिसांनी तो डीएनए एका वंशावळीच्या डेटाबेसमध्ये टाकून बघितला, ३५ पैकी ३४ मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक खुणा, जुळले एका म्हाताऱ्या गृहस्थाशी, ज्याने कैक वर्षांपूर्वी चर्चशी संबंधित एका प्रोजेक्टला भाबडेपणाने नमुना दिला होता. कोर्टाचा आदेश आणून नाव काढलं. म्हाताऱ्याचं वय बसेना, म्हणून त्याच्या मुलावर आले. मुलगा न्यू ऑर्लिन्सला, फिल्ममेकर, त्यात खुनाबिनाच्या शॉर्टफिल्म काढणारा, म्हणजे झालंच. त्याला बसवून चौकशी, गालाच्या आतून स्वॅब आणि साधारण महिनाभर टांगती तलवार. शेवटी जुळला नाही, सुटला. थुंकला बाप आणि चौकशीला बसला मुलगा.

आता हीच केस पुढे बघा. २०१९ मध्ये याच खुनाचा डीएनए नव्या पद्धतीने तपासला, जेडमॅचवर टाकला, पॅराबॉन नावाच्या डीएनए कंपनीतल्या वंशावळतज्ज्ञ सीसी मूरच्या टीमने वंशावळ बांधली आणि पोलीस ब्रायन ड्रिप्स नावाच्या माणसापर्यंत पोचले जो खुनाच्या वेळी समोरच राहायचा. त्याने फेकलेलं सिगारेटचं थोटूक उचलून डीएनए जुळवला. त्यामुळे जुलैमध्ये टॅप पूर्ण निर्दोष ठरला, तोपर्यंत पोराची वीस वर्षं आत गेली होती. म्हणजे तोच खून, तेच शहर, अर्धवट जुळणीने एका निर्दोष माणसाला छळलं आणि नीट जुळणीने दुसऱ्या निर्दोष माणसावरचा डाग पुसला. आता सांगा ऑप्ट-इन करू का आउट? आणि मुलीची आई स्वतः टॅपच्या सुटकेसाठी झगडत होती, त्यामुळे "पीडितांच्या बाजूने विचार करा" हे वाक्य पण इथे सरळ चालत नाही, कारण पीडितांची बाजूच सांगत होती की आत टाकलेला माणूस चुकीचा आहे.

मधेच एक टेक्निकल गोष्ट सांगतो कारण लोक दोन्हीची खिचडी करतात. पोलिसांचा सरकारी डेटाबेस, कोडिस, त्यात डीएनएच्या फक्त २० जागा बघतात (२०१७ च्या आधी १३), त्यावरून माणूस तोच का, फारतर बाप-लेक-भाऊ का, एवढंच कळतं. आपल्या किटमध्ये सहा-सात लाख जागा वाचतात, त्यातून तिसऱ्या-चौथ्या पिढीतली भावंडं कळतात आणि आजारांचे इशारे पण. आणि सरकारी डेटाबेसवर निदान कायदा आहे, कोणाचा घ्यायचा, कधी काढायचा. आपण मात्र त्याच्या हजारो पट माहिती सेलमध्ये पैसे भरून देतो आणि नियम काय तर कंपनीच्या टर्म्स, ज्या बदलतात. जेडमॅचनेच आधी सांगितलं होतं की फक्त खून-बलात्कारासाठी, मग युटामध्ये चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी नियमाला मुरड घातली. आरोपी सापडला, पण लोक भडकले आणि मे २०१९ मध्ये त्यांनी सगळ्यांना एका झटक्यात ऑप्ट-आउट करून परवानगी नव्याने मागितली. मग डिसेंबरमध्ये साइटच विकली, घेणारी कंपनी फॉरेन्सिकवाली. आणि जुलै २०२० मध्ये हॅक झाली तेव्हा काही तास सगळ्यांची सेटिंग्ज उलटी होऊन प्रत्येकाचा डेटा पोलिसांना उघडा. बटण दाबलं की झालं असं वाटत असेल तर हे आठवा.

मी साताऱ्याच्या दादाला फोन लावला, चुलत भाऊ, कोर्टात वकिली करतो. म्हटलं अशी अशी स्क्रीन आलीय, काय करू. तो म्हणाला, "आधी मला सांग, तू थुंकलास कुणाला विचारून?"

म्हटलं थुंकायला काय विचारायचंय, माझा डीएनए आहे.

"तुझा कसा? माझ्यात पण तो आहे, आप्पांच्या सगळ्या पोरांत आहे, नातवंडांत आहे. सामाईक सातबाऱ्यावर तू एकटाच अंगठा देऊन आलायस. उद्या भावकीतल्या कुणी काय केलं तर दार आमचं वाजणार, तू बसलायस तिकडे अमेरिकेत, एडिसनमध्ये."

मी चिडलो, म्हटलं गुन्हा केला तर वाजू दे की दार. तो म्हणाला, "गुन्हा केलेल्याचं वाजू दे. मधल्या चाळीस जणांचं का?" आणि मग गोव्याची केस सांगितली. २०१३ मध्ये वास्कोच्या शाळेत लहान मुलीवर बलात्कार झाला, सीबीआयला बोटांचे ठसे मिळाले होते, जुळवायला त्यांनी आधारकडे अख्ख्या गोव्याचा बायोमेट्रिक डेटा मागितला. कोर्टाचा आदेश आला, आधारवाले सुप्रीम कोर्टात गेले आणि मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं, संमतीशिवाय कुणाचा बायोमेट्रिक द्यायचा नाही. गुन्हा इतका घाण की नाही म्हणायला जीभ रेटत नाही, दादा म्हणाला, आणि मागणी नेहमी अशाच केसमध्ये पहिल्यांदा येते. नंतर ती मोबाइलचोरीसाठी पण येते. आपल्याकडे तर २०२२ च्या कायद्याने आरोपींची "मापं" घेता येतात, त्यात बुबुळ आलं, नमुने आले, आणि रेकॉर्ड ७५ वर्षं. डीएनएचं वेगळं विधेयक होतं ते २०२३ मध्ये सरकारने मागेच घेतलं. "तुझ्याकडे निदान बटण आहे," म्हणाला, "इथे पोलीस ठाण्यात कुणी बटण दाखवत नाही."

तेव्हापासून मला ते मामाच्या मुलीवालं गणित सतावतंय. आपल्यासारख्या जातीतल्या जातीत लग्न करणाऱ्या लोकांत वंशावळीचं झाड म्हणजे वडाच्या पारंब्या, कुठून सुरू आणि कुठे जमिनीत गेली कळत नाही. तिथला जाणकार सेंटीमॉर्गन बघून "सेकंड कझिन" म्हणणार आणि चुकीच्या घराच्या फांदीवर चढणार. गोऱ्या लोकांवर बसवलेलं माप आहे ते.

तक्रार आता. मी नमुना नष्ट करा आणि डेटा डिलीट करा असं कंपनीला लिहिलं. डेटाचं बटण चौथ्या मेनूत, नमुन्यासाठी वेगळा फॉर्म, मग तीन ईमेल, मग जन्मतारीख पुन्हा, मग "काही माहिती कायद्यानुसार ठेवावी लागते". थुंकायला पाच मिनिटं आणि थुंकी परत घ्यायला सात आठवडे. कस्टमर केअरची मुलगी गोड बोलली, तिचा दोष नाही. एक स्टार इथे कापला. (ट्वेंटीथ्री अँड मी ही अशीच एक मोठी किट कंपनी, माझं किट तिचं नव्हे, पण २०२३ मध्ये त्यांच्याकडून ६९ लाख लोकांचा डेटा फुटला आणि मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा दीड कोटी लोकांची थुंकी लिलावात होती. शेवटी संस्थापक बाईच्याच संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला घेतली. दुसरं कुणी घेतलं असतं तर?)

घ्यायचं का? नातेवाईक शोधायचेत, दत्तक आहात, बापाचा पत्ता नाही, तर घ्या, याला तोड नाही. नुसतं "आपण मूळचे कुठले" यासाठी घेत असाल तर कुलदैवत विचारा, जास्त नेमकं उत्तर येईल.

मी भावकीच्या ग्रुपवर विचारलं की बाबांनो ऑप्ट-इन करू का, सगळ्यांचा प्रश्न आहे. एकोणीस जणांनी वाचलं. दादाने "नको" लिहिलं, पुण्याच्या वहिनीने "कर, माझी मुलगी रात्री उशिरा घरी येते" लिहिलं, मला त्यावर काही लिहिता आलं नाही. आत्याने विचारलं यात गोत्र कळतं का. बाकी शांत. सध्या ऑप्ट-आउटवर ठेवलंय, बेवारस प्रेतांपुरतं. बायको दुसऱ्या किटकडे बघून म्हणते मी माझं करणार, माझ्या माहेरचं तुम्ही काय विचारताय.