हॉटेलात वस्तू विसरली की कामी येणारी इटालियन वाक्यं : आठ महिन्यांचा अनुभव

पॅकेजिंग मशिनच्या कामासाठी गेल्या आठ महिन्यांत चारदा इटलीतल्या बोलोन्याला जाणं झालं. एकेका दौऱ्यात तीन-तीन हॉटेलं बदलायची म्हटल्यावर काही ना काही मागे राहतंच. पहिल्या खेपेला चष्मा राहिला. फोनवर इंग्रजीत विचारलं, 'नो' म्हणाले, संपलं. त्यानंतर वहीच्या शेवटच्या पानावर इटालियन वाक्यं देवनागरीत लिहून घेतली. तेव्हापासून तीच वापरतेय.

'आवेते त्रोवातो...?' म्हणजे 'सापडलं का?' हे वाक्य मला फारसं उपयोगी पडलं नाही. खरं काम करतं ते 'ओ लाशातो...', म्हणजे 'माझं अमुक राहिलंय', आणि त्याला जोडून नेमकी जागा. 'सुल कोमोदिनो' पलंगाशेजारच्या टेबलावर, 'नेल कास्सेत्तो' खणात, 'नेल्ला कास्साफोर्ते' तिजोरीत. जागा कळली की माणूस उठून बघायला जातो.

फिरेन्झेच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या, हॉटेलात आईची शाल राहिली, तेव्हा याचा प्रत्यय आला. संध्याकाळी बोलोन्याहून फोन लावला : 'बुओनासेरा. सोनो पार्तीता स्तामात्तीना, कामेरा दुएचेन्तो क्वात्रो. ओ लाशातो उनो शाल्ले नेल्लार्मादिओ.' आज सकाळी निघाले, खोली २०४, कपाटात शाल राहिली. (पुरुषांनी 'पार्तीतो' म्हणायचं.) शाल्ले म्हणजे आपली शालच, दोन्ही शब्दांचं मूळ फारसी. पलीकडून 'दी के कोलोरे?' रंग कोणता? 'वेर्दे, कोन इल बोर्दो रोस्सो.' हिरवी, लाल काठाची. थोडा वेळ शांतता, मग 'सी, लाब्ब्यामो त्रोवातो!' सापडली. माझे डोळेच भरून आले. 'पास्सो आ प्रेन्देर्लो दोमानी', उद्या येऊन नेते, म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने जाऊन घेऊन आले. जलद गाडीने चाळीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आडनाव सांगणं ही वेगळीच अडचण. तिकडे अक्षरं बहुतेक गावांच्या नावांनी सांगतात. जोशी म्हणजे 'ई लुंगा, ओत्रान्तो, सावोना, ओतेल, ईमोला'. जे अक्षराला ते 'लांब ई' म्हणतात, आणि एचसाठी 'ओतेल', म्हणजे हॉटेल. हे पाठ केल्यापासून माझं नाव एकदाही चुकीचं लिहिलं गेलेलं नाही.

वस्तू पुढच्या हॉटेलात पाठवून हवी असेल तर 'पोतेते स्पेदीरमेलो? आ मिओ कारिको.' खर्च माझा, हा दुसरा भाग आधीच सांगून टाकायचा. नाहीतर बोलणं तिथेच अडतं.

पासपोर्ट हरवला तर मात्र ही वाक्यं पुरत नाहीत. पोलिसांकडे जाऊन 'देनुन्चा दी स्मारिमेन्तो', म्हणजे हरवल्याची तक्रार, नोंदवावी लागते आणि मग रोमचा आपला दूतावास किंवा मिलानचं वाणिज्य दूतावास गाठायचा. वस्तू रस्त्यात पडली असेल तर नगरपालिकेच्या 'ओज्जेत्ती स्मारीती' खिडकीवर चौकशी करा. सापडलेली वस्तू मालक माहीत नसेल तर महापौरांकडे द्यावी, असं तिथल्या कायद्यातच आहे. वर्षभरात कोणी आलं नाही तर ती सापडणाऱ्याची होते, म्हणून उशीर करू नका.

उत्तरं भराभर येतात, ती अजूनही पूर्ण कळत नाहीत. त्यासाठी 'पिऊ लेन्तामेन्ते, पेर फावोरे', जरा सावकाश, हे पानावर सगळ्यांत वर लिहिलंय. मागच्या खेपेपासून 'दिएत्रो ला पोर्ता' हेही वाढवलंय. दारामागच्या खुंटीवर रेनकोट राहिला होता.