दीड एचपीचा जुना पूल पंप काढून व्हेरिएबल स्पीड बसवला: सोलापूरच्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

पोहण्याचा पूल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे ६५ हजार लिटर पाणी. फिल्टर वाळूचा, ६०० मिमी व्यासाचा. जुना सिंगल स्पीड पंप काढून दिवाळीनंतर तेवढ्याच एचपीचा व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा, पंप बसवला. आता पूर्ण उन्हाळा पार पडलाय.

जुन्या पंपाची बेअरिंग खरखरत होती आणि शाफ्टखाली पांढरी खार जमली होती. एवढंच असेल तर नवा पंप घेऊ नका, मेकॅनिकल सील (शाफ्टजवळून पाणी मोटरकडे जाऊ न देणारा भाग) आणि दोन्ही बेअरिंग बदलून काम भागतं. इथे मात्र गळतीचं पाणी मोटरमध्ये शिरून वायंडिंगचं इन्सुलेशन उतरलं होतं आणि पंपाच्या बॉडीलाही चीर गेली होती. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात सील लवकर जातं. पंप बरेच दिवस बंद राहिला की सीलच्या दोन चकत्यांमध्ये क्षार सुकतात आणि पुढच्या वेळी पंप सुरू होताच त्या चकत्या ओरखडतात. म्हणून पोहणं बंद असलं तरी पंप रोज थोडा वेळ फिरवावाच.

‘एक एचपी जास्तच टाका’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो ऐकू नका. ६०० मिमीच्या फिल्टरला तासाला १४ घनमीटरच्या आसपास पाणी झेपतं. जुना पंप १६ घनमीटर ढकलत होता, त्यामुळे बारीक धूळ वाळूतून पार होऊन परत पुलात यायची. मार्च ते मे आपल्याकडे धुळीला तोटा नसतो, तेव्हा पाणी सतत गढूळ दिसण्याचं मोठं कारण हेच होतं.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ पाइपचा होतो. जुनी लाइन ६३ मिमीच्या शेतीच्या पीव्हीसी पाइपची असते आणि बऱ्याच पंपांची युनियन (पंप आणि पाइप जोडणारा, खोलता येणारा जोड) दोन इंची, म्हणजे ६०.३ मिमी बाहेरच्या व्यासाच्या पाइपसाठी असते. हा पावणेतीन मिमीचा फरक सोल्युशनने, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रावाने, भरत नाही. प्लंबर पाइप तापवून किंवा घासून जमवतो आणि पुढे तिथूनच हवा ओढली जाते. ६३ मिमीचीच युनियन मागवा, नाहीतर योग्य कन्व्हर्टर घ्या. सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, पंपाच्या तोंडाआधी निदान ३१५ मिमी, म्हणजे व्यासाच्या पाचपट, सरळ पाइप ठेवा. एल्बो तोंडाला चिकटून लावला तर पाणी घुसळत आत येतं आणि पंप आवाज करतो. सोल्युशन लावल्यावर २४ तास दाब देऊ नका. झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं.

सक्शनची गळती ओळखायची खूण अशी: पंप चालू असताना जॉइंट कोरडा, पाणी पुलात परत सोडणाऱ्या रिटर्नच्या तोंडातून बुडबुडे, आणि पंप बंद केला की त्याच जॉइंटला थेंब.

आता विजेबद्दल. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं आणि लागणारी ताकद आठव्या हिश्श्यावर येते. हे गणित झालं. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) वाया जाणारी वीज धरून मीटर २५० ते ३०० वॉट दाखवतो. जुना पंप दीड किलोवॉट खायचा, रोज ८ तास, म्हणजे १२ युनिट. आता १० तास १४५० आरपीएमवर आणि २ तास २९०० वर चालवून साडेपाच युनिटच्या आसपास लागतात. ते दोन तास वाचवायचा मोह टाळा. कमी वेगात स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) पृष्ठभाग ओढत नाही, कडुलिंबाची पानं आणि धूळ तरंगत राहून शेवटी तळाला बसतात. सकाळी एक तास, वावटळ येऊन गेल्यावर एक तास, ही वाटणी आपल्याकडे जमते.

कमी वेगाचा एक धोका फारसा कोणी सांगत नाही. फिल्टर तुंबल्यावर पूर्ण वेगाला फिल्टरच्या प्रेशर गेजवर अर्धा बार वाढ दिसत असेल, तर निम्म्या वेगाला ती जेमतेम पाव हिश्श्याची, म्हणजे ०.१२ बार दिसते. काटा जागेवरच आहे असं वाटतं आणि वाळू आत चिकटत जाते. गेज नेहमी २९०० आरपीएमवरच वाचा आणि स्वच्छ फिल्टरचा आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा. बॅकवॉशही, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणंही, पूर्ण वेगानेच करा. नाहीतर वाळू उचलली जात नाही आणि पाणी मात्र वाया जातं. तीन मिनिटांच्या बॅकवॉशला सुमारे ८०० लिटर जातात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा हिशेब डोक्यात हवाच.

मल्टिपोर्टचा (फिल्टरवरची पाण्याची दिशा बदलणारी झडप) दांडा फिरवण्याआधी एमसीबी पाडा, पॅनेलवरचं बटण पुरेसं नाही. टायमरची वेळ झाली की हा पंप आपणहून सुरू होतो आणि दांडा अर्धवट असताना दाब आला तर आतलं गॅस्केट उखडतं.

खरी तक्रार उन्हाळ्याची आहे. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या पंपरूममध्ये त्याहून बरंच जास्त असतं. ड्राइव्ह तापला की स्वतःच वेग उतरवतो, आणखी तापला तर एरर दाखवून थांबतो. पत्र्याखाली थर्माकोल, समोरासमोर दोन जाळ्या आणि एक एक्झॉस्ट फॅन लावल्यावर हा त्रास थांबला. ड्राइव्हच्या पंख्यांमधली धूळ आठवड्याला सुक्या ब्रशने झाडावी लागते, त्यावर पाणी मारू नये.

आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची हवीच, पण एसी टाइपची चालत नाही. ड्राइव्हमधून गळणाऱ्या विजेने ती उगाच पडते किंवा खरा दोष आला तर पडतच नाही. ए किंवा एफ टाइप घ्या, आणि बाहेरच्या फीडरवर वीज सारखी ये-जा करत असेल तर सोबत सर्ज प्रोटेक्टरही बसवा.

वर्षभर पाणी फिरवत ठेवणाऱ्या पुलाला हा पंप नक्की घ्यावा. फक्त एप्रिल-मेमध्ये भरणाऱ्या शेतावरच्या पुलाला साधा सिंगल स्पीडच परवडतो, फक्त तो फिल्टरला झेपेल एवढाच घ्या.