ओढ्याकाठची दुर्बीण: मोनार्क एम५ की ऑलिंपस डीपीएस?

दुकानात दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती लांबचं दिसेल?" आटत चाललेल्या ओढ्यासाठी हा प्रश्न उलटा विचारायला हवा: किती जवळचं दिसेल? त्या हिशेबाने इथे दोन दुर्बिणी ताडून पाहिल्या आहेत. एक निकॉनची मोनार्क एम५ ८×४२ (८ म्हणजे आठपट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मि.मी.मध्ये). दुसरी ऑलिंपसची ८×४० डीपीएस-१, जी आपल्याकडे अनेकांची पहिली दुर्बीण असते. किमती सारख्या हलतात म्हणून रुपयांचे आकडे देत नाही. मोनार्क दुपटीहून बरीच महाग पडते एवढं धरून चाला.

आधी जागा समजून घेऊ. पुण्याहून तीसेक किलोमीटरवर सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीच्या बाजूला जी दरी आहे, तिच्यासारखे ओढे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर गावोगाव आहेत. फेब्रुवारीपर्यंत बारीक का होईना, पाणी वाहतं. मार्चमध्ये कधीतरी धार तुटते आणि कातळातल्या खोलगट जागी डबकी उरतात. एप्रिल सरता सरता उंबर-करंजाच्या सावलीतले मोजके डोह टिकतात आणि आसपासच्या रानाची सगळी तहान त्या घमेलंभर पाण्यावर येते. म्हणजे पक्षी शोधत हिंडायचं नसतं. पाण्यापासून आठ-दहा मीटरवर पाठीमागे झाड घेऊन बसायचं, पक्षी आपणहून येतात. टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे किडे), चतुर आणि ओल्या मातीवर बसलेली फुलपाखरं तर दोन-तीन मीटरवर असतात. अशा ठिकाणी बारापट, सोळापट दुर्बीण म्हणजे भाजी चिरायला कोयता.

आता आकडे. मोनार्क अडीच मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दाखवते, ऑलिंपस चार मीटरपर्यंत. दीड मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आठपट दुर्बिणीतून अडीच मीटरवरची टाचणी एकतीस सेंटिमीटरवर धरल्यासारखी दिसते, म्हणजे पंखावरचा तो छोटा गडद ठिपकासुद्धा मोजता येतो. चार मीटरवरून तीच टाचणी अर्ध्या मीटरवर असल्यासारखी. ओळख पटायला बहुतेक वेळा तेवढंही पुरतं, पण पायाजवळच्या दगडावर काही येऊन बसलं तर ऑलिंपसवाल्याला मागे सरकावं लागतं, आणि सरकलं की ते उडतं.

दिसणाऱ्या पट्ट्याची गोष्ट नेमकी उलटी. ऑलिंपसचा कोन ८.२ अंश, मोनार्कचा ६.४. दहा मीटरवर ऑलिंपसमधून साधारण एक मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर रुंदीचा गोल दिसतो, मोनार्कमधून एक मीटर बारा. पाच मीटरवर मोनार्कचा गोल छप्पन्न सेंटिमीटरचा उरतो. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर शेपटीसकट अर्ध्या मीटरच्या आसपास भरतो. तो पाण्यावर झेप घेऊन परत फांदीवर जातो तेव्हा एवढ्याशा गोलात त्याला पकडून ठेवणं कठीण. नाचण आणि सुभग हे छोटे पक्षी तर एका जागी थांबतच नाहीत. इथे ऑलिंपस सरळसरळ जिंकते.

चष्मा नसेल तरच, मात्र. ही बाब पाकिटावर बारीक अक्षरात असते आणि विक्रेते बहुधा सांगत नाहीत. आयपीसपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, डोळा किती अंतरावर ठेवून पूर्ण गोल दिसतो, त्याला आय रिलीफ म्हणतात. मोनार्कचा १९.५ मि.मी. आहे, ऑलिंपसचा १२. चष्म्याची काच आणि डोळा यांत जी फट असते ती धरून किमान १५ मि.मी. लागतात, जाड फ्रेम असेल तर थोडे जास्तच. बारा मि.मी.त चष्मेवाल्याला गोलाची कड दिसतच नाही, मधला तुकडा तेवढा दिसतो. तेव्हा ८.२ अंश कागदावरच राहतात आणि हाती मोनार्कपेक्षा अरुंद पट्टा येतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा कपाळावर सारून फोकसने भरपाई होते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर होत नाही. अशांनी ऑलिंपस घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी.

दोन्हींची बांधणी वेगळी आहे आणि उन्हाळ्यात ती जाणवते. ऑलिंपस जुन्या पोरो घडणीची: पुढची भिंगं आयपीसपेक्षा एकमेकांपासून लांब. त्यामुळे खोली छान कळते. करवंदीच्या जाळीत बसलेला कस्तुर पक्षी काटक्यांपासून सुटा उठून दिसतो. पण त्याच लांबीमुळे जवळ पाहताना दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात आणि पाच मीटरच्या आत डोळे ओढल्यासारखे होतात. शिवाय फोकस फिरवला की आयपीसचा अख्खा पूल मागे-पुढे सरकतो. प्रत्येक सरकण्याबरोबर नळीत थोडी हवा आत-बाहेर होते आणि मे महिन्यातली पिठासारखी धूळ त्या हवेबरोबर आत शिरते. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर उजेडाकडे धरून पाहिलं की आतल्या काचेवर ठिपके दिसू लागतात. मोनार्कचा फोकस आतल्या आत फिरतो, नळ्या बंद असतात आणि त्यांत नायट्रोजन भरलेला असतो. एक मीटर पाण्यात दहा मिनिटं टिकेल असं निकॉन सांगते. डोहात पाय घसरला तर जीव दुर्बिणीत अडकायचं कारण नाही.

उजेडाचा प्रश्न ओढ्यावर फार विचित्र असतो. डोह गडद सावलीत, पलीकडचा कातळ पांढऱ्या उन्हात, आणि वर पानगळीने उघडं पडलेलं आकाश. अंधाऱ्या जागेत दोघींचा उजेड जवळपास सारखा: एकीत ५.२५ मि.मी.चा प्रकाशझोत डोळ्यात येतो, दुसरीत पाचचा. फरक पडतो तो उघड्यावर. पांढऱ्या आकाशावर काळा कोतवाल बसला की ऑलिंपसमध्ये त्याच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ दिसते. मोनार्कमध्ये ईडी काच (रंग कमी फाकवणारी) असल्याने ती जवळजवळ जाते. पक्षी ओळखायला ही रेघ आड येत नाही, पण शिक्रा आहे की पावशा हे आकाशाकडे पाहून ठरवायचं असेल तेव्हा छातीवरचे पट्टे मोनार्कमध्ये जास्त खरे दिसतात. तिरपं ऊन पुढच्या भिंगावर पडलं तर दोन्हींतलं चित्र दुधाळ होतं. उपाय फुकट आहे: सूर्य पाठीशी घ्या, नाहीतर टोपीची कड किंवा तळहात भिंगाच्या वर धरा.

सकाळी दहानंतर चित्र थरथरू लागलं तर दुर्बिणीला शिव्या देऊ नका. तापलेल्या कातळावरची हवा हलत असते आणि जितकी नजर जमिनीलगत, जितकं अंतर जास्त, जितकी पट जास्त, तितकी ती थरथर मोठी दिसते. थोडं उंचावर बसा, जवळच्या डोहाकडे वळा. दहापट दुर्बिणीवाले याच वेळी कपाळावर हात मारतात. दहापट घ्यायचीच असेल तर माळरानासाठी, तलावासाठी घ्या.

जुळवणी बरेच जण करतच नाहीत आणि मग महिनाभराने "डोकं दुखतं" म्हणून दुर्बीण कपाटात जाते. पद्धत साधी. दोन नळ्यांमधलं अंतर असं करा की दोन गोल मिळून एक गोल दिसेल. दहा-पंधरा मीटरवरची एखादी खरबरीत साल निवडा. उजव्या पुढच्या भिंगावर हात ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसची कडी फिरवून उजव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. डोळा मिटायचा नाही, भिंगच झाकायचं; मिटल्याने दुसऱ्या डोळ्यावर ताण येऊन माप चुकतं. कडी जिथे आली तिथे नखाला लावायच्या रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे पिशवीत फिरली तरी परत आणता येते. चष्मेवाल्यांनी आयपीसचे रबरी कप पूर्ण खाली करायचे, बाकीच्यांनी वर.

वजन मोनार्कचं ६३०, ऑलिंपसचं ७१० ग्रॅम. ऐंशी ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं पहिल्या तासाला वाटतं. तीन तास बसायचं असेल तर दोन्हींना मानेचा पट्टा काढून खांद्यांवरून पाठीवर फुली पडणारा पट्टा लावा आणि पाहताना कोपरं गुडघ्यांवर टेका.

दुर्बिणीचा एक उपयोग ओढ्यावर फार थोडे लोक करतात. डोहाच्या खोल जागी एक काठी रोवा, तिच्यावर एक-एक सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवा. दहा मीटरवरून आठपटीत एक पट्टा सव्वा मीटरवर धरल्यासारखा दिसतो, त्यामुळे पाण्याजवळ न जाता पातळी वाचता येते. दर आठवड्याला एकाच वेळी वाचा. वेळ पाळणं महत्त्वाचं, कारण काठावरचा उंबर आणि वाळुंज दिवसभर मुळांनी पाणी ओढतात आणि रात्री थांबतात. झिऱ्यावर जगणाऱ्या डोहाची पातळी त्यामुळे संध्याकाळी खाली आणि पहाटे किंचित वर असते. एका आठवड्याला सकाळी आणि पुढच्याला संध्याकाळी वाचलं तर ओढा भलत्याच वेगाने आटतोय असं वाटेल. पाणी वीतभर उरलं की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडत येतात, कारण रात्रीत पाण्यातला प्राणवायू उतरतो. वंचक बगळा याच वेळी काठावर मान आखडून उभा असतो.

बसायची वेळ एप्रिलमध्ये सव्वासहा ते नऊ, नंतर साडेचार ते अंधार पडेपर्यंत. मे महिन्यात भर दुपारीही पक्षी अंघोळीला येतात. तेव्हा सावलीत बसून राहणाऱ्याला सकाळपेक्षा जास्त मिळू शकतं. करडा धोबी पक्षी एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघून जातो, नवरंग मे-जूनच्या सुमारास येतो. त्याला शोधायचं तर नजर डोहावरून काढून पालापाचोळ्यावर न्या, आणि तिथे ऑलिंपसचा रुंद पट्टा पुन्हा उपयोगी पडतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, पाण्याजवळ अळ्या टाकू नका. हा विणीचा काळ असतो आणि पाण्याचा दुसरा पर्याय त्यांना नसतो.

मग घ्यायची कोणती? चष्मा असेल, फुलपाखरं-टाचण्यांत रस असेल किंवा पावसातही फिरायचं असेल तर मोनार्क. तिचा अरुंद पट्टा हा खरा दोष आहे आणि या किमतीला तो खटकतो. निकॉनच्याच एम७ ८×४२ मध्ये ८.३ अंश आणि दोन मीटरचा फोकस मिळतो, पैसे मात्र आणखी मोजावे लागतात. चष्मा नसलेल्या विद्यार्थ्याने, कॉलेजच्या निसर्ग मंडळाने किंवा ज्याला छंद टिकेल की नाही याची खात्री नाही त्याने ऑलिंपस घ्यावी. ऑलिंपसचा कॅमेरे-दुर्बिणींचा धंदा २०२१ मध्ये ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला आहे, तेव्हा नवी घेताना हमीपत्र कुणाच्या नावाचं आहे ते बघा.

दुकानातून बाहेर पडण्याआधी दोन चाचण्या करा. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा: आयपीसमधले उजेडाचे दोन्ही ठिपके पूर्ण गोल हवेत, कडा कापल्यासारख्या चौकोनी नकोत. मग लांबच्या विजेच्या तारेवर फोकस करून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा सेंटिमीटर लांब न्या. दोन्ही गोलांतली तार एकाच पातळीत राहिली पाहिजे. एक वर, एक खाली दिसली तर नळ्या हललेल्या आहेत, दुसरा नग मागा.

भिंग रुमालाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसणं हा सगळ्यात महागडा आळस. धुळीतले कण काचेपेक्षा टणक असू शकतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि बोटाचा डाग उरलाच तर भिंगाच्या कापडावर द्रावणाचा एक थेंब घेऊन मधून बाहेर गोलाकार पुसा. वळवाचा पहिला पाऊस पडला की बुरशीचा हंगाम सुरू होतो, आणि नायट्रोजन नसलेल्या ऑलिंपसला त्याचा धोका जास्त. चामडी किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, नारिंगी सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. दाणे हिरवट झाले की ओल भरली असं समजून मंद आचेच्या तव्यावर नारिंगी होईपर्यंत परता, गार करा आणि पुन्हा डब्यात टाका.