फणसाचं लाईव्ह एज टेबल, दीड वर्षानंतर: आधी खाली वाकून बघा

दीड वर्षापूर्वी गणपतीच्या आधी ३८ हजार मोजून घेतलं. घर गुहागरला, समुद्र पाच मिनिटांवर, हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं हवेमुळे झालंय.

जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन फर्निचर कारागिरांच्या कामाचं मला जुनं वेड. ते पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात गोलकोंड वसतिगृहाच्या कामावर होते, नंतर १९६४ ला अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आले. त्यांचं ओरिजिनल काही आपल्याला परवडत नाही, म्हणून इथल्या लाकडातलं तसं एकेक जमवते, हा तिसरा पीस. आला तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, आता मधासारखा झालाय, आणि झाडाची मूळ वळणं जशीच्या तशी असलेली ती कड, तिच्यावरून अजून रोज हात फिरवते.

जानेवारीत रात्री टाककन आवाज झाला. सकाळी बघते तर बरोबर स्क्रूंच्या ओळीत हातभर चीर! वर्कशॉपला फोन केला तर नैसर्गिक लाकूड आहे, तडा जाणारच, वॉरंटीत बसत नाही. चार फोन, नऊ फोटो, उत्तर तेच. मी तर लाकूडच कच्चं म्हणून त्यांना शिव्या घालत होते.

आमच्या सुतारकाकांनी टेबल उलटं केलं आणि म्हणाले, "वहिनी, लाकूड चांगलं हाय, पण हलायला जागाच ठेवली नाय." फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, थंडीच्या कोरड्या हवेत आकसते, लांबीला जवळजवळ काहीच फरक नाही. इथे लोखंडी पायांच्या पट्टीला गोल भोकं पाडून स्क्रू गच्च पिळलेले, मग आकसताना ती फाटणार नाहीतर काय? ३८ हजारात चार लांबट भोकं पाडता येत नाहीत? ह्याचा राग अजून गेलेला नाही.

काकांनी रुंदीच्या दिशेने भोकं लांबवली, वॉशर घातले, चीर धरून ठेवायला तिच्यावर आडव्या शिसवीच्या दोन फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी खिळ्या बसवल्या, नाकाशिमांच्या टेबलांवर असतात तशाच. २२०० रुपये. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, ही थंडीही गेली, चीर केसभर पुढे नाही. आता पाहुणे आधी त्या खिळ्यांवरच बोट ठेवतात आणि मलाही टेबल त्यांच्याशिवाय नको वाटतं.

आंब्याच्या लाकडाच्या स्टुलाला मात्र कीड लागलीये, पांढऱ्या कडेतून जूनपासून टाल्कमसारखी पूड पडतेय, तो पडवीत वेगळा ठेवलाय. फणसाच्या गाभ्याला कीड नाही.

पुढच्या पीसची दोन इंच जाडीची फळी काकांच्या खोपीत, मध्ये पट्ट्या घालून वाळत ठेवलीये. इंचाला एक वर्ष, म्हणजे पूर्ण दोन वर्षं हात लावायचा नाही, असं बजावलंय त्यांनी.