साडेवीस ग्रॅमची पुडी: डब्ल्यूएचओ सूत्राच्या ओआरएसचा परखड आढावा

मेडिकलमध्ये 'ओआरएस द्या' (जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी पावडर) म्हटलं की काय हातात पडेल याचा नेम नसतो. म्हणून पुडी उलटी करून मागचा मजकूर वाचावा. 1 लिटरसाठी सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, निर्जल ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, मिळून 20.5 ग्रॅम. हे आकडे जुळले तर कंपनी कुठली आणि स्वाद संत्र्याचा की लिंबाचा, याने फरक पडत नाही. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी पुडीही याच सूत्राची असते आणि तितकीच चांगली.

या चार पदार्थांचं प्रमाण इतकं काटेकोर का, ते आतड्याच्या पेशीपटलाकडे पाहिलं की कळतं. हे पटल मुळात चरबीचं, त्यातून सोडियमही सहज जात नाही आणि ग्लुकोजही नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अहोरात्र चालू असतो. एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चात तो 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. आत आलेलं पोटॅशियम आपल्या वाहिन्यांतून पुन्हा बाहेर झिरपतं आणि जाताना धनभार घेऊन जातं. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 40 ते 60 मिलिव्होल्टने ऋण राहते. आत सोडियम कमी आणि वर ऋणभार, म्हणजे आतड्यातल्या सोडियमला आत खेचणारी दुहेरी ओढ तयार होते.

या ओढीचा फायदा एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन घेतं. ते 2 सोडियमबरोबर 1 ग्लुकोज आत आणतं आणि परासरणाने पाणी मागोमाग येतं. कॉलऱ्याचं विष पेशीतल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघडून पाणी बाहेर ओतायला लावतं, पण या वाहकाला धक्का लावत नाही. म्हणून जुलाब चालू असतानाही पुडी काम करते. जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तिचं काम गेलेलं पाणी भरून काढण्याचं आहे.

जुन्या सूत्राची ऑस्मोलॅरिटी (लिटरभर द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, मिलिऑस्मोलमध्ये) 311 होती. 2002 पासूनच्या सूत्रात ती 245 आहे, सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल. रक्ताची साधारण 290 असते, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे सहज वळतं. या बदलाने मुलांमध्ये शिरेतून सलाईन लावण्याची गरज सुमारे 33 टक्क्यांनी घटली. 

बहुतेक चुका पाणी मोजण्यात होतात. मोठी पुडी अर्ध्या लिटरमध्ये टाकली की ऑस्मोलॅरिटी 490 होते. मग पाणी रक्ताकडे न जाता उलट आतड्यातच ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम चढू शकतं. घरातल्या तांब्यावर विसंबू नका, 1 लिटरची पाण्याची बाटली हे उत्तम माप आहे. पुडी एका वेळी पूर्ण वापरा. 'अर्धी आत्ता, अर्धी नंतर' केलं तर मीठ आणि ग्लुकोज सारखं वाटलं जाईलच असं नाही. थोडंच हवं असेल तर 200 मिलिची छोटी पुडी घ्यावी. वरून साखर, सरबत किंवा दूध घालू नये. मिश्रण उकळू नये, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं. पावडर तपकिरी झालेली पुडी वापरू नये.

दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलि, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलि द्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावं. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत रोज 20 मिलिग्रॅम झिंक, 10 ते 14 दिवस. मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नसेल किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

पर्यायांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. खोक्यातली गोड 'इलेक्ट्रोलाइट' पेयं ओआरएस नव्हेत. साखर जास्त आणि सोडियम कमी असेल तर वरचं सगळं गणित कोसळतं. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (देशाची अन्न सुरक्षा नियामक संस्था) अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, ती फार आधी व्हायला हवी होती. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम फारच थोडं. पुडी नसेल तेव्हा 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालतं (चहाचा चमचा, चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको), मात्र त्यात पोटॅशियम नसतं.

ही उणीव किरकोळ नाही. रक्तातलं पोटॅशियम 4 वरून 2 मिलिमोलवर आलं की पोटॅशियमचा समतोल विभव (ज्या विद्युत दाबाला त्याची आतबाहेर ये-जा सारखी होते) सुमारे उणे 94 वरून उणे 112 मिलिव्होल्टकडे सरकतो, म्हणजे पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते. स्नायू उत्तेजित व्हायला जड जातात, हातपाय गळतात, आतडी मंदावून पोट फुगतं. पुडीतले दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड त्यासाठीच असतं. मूत्रपिंड निकामी असलेल्यांच्या शरीरात मात्र तेच साठून हृदयाची लय बिघडू शकते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.