तोकाली आणि करानलिक: गोरेमेची दोन कोरीव चर्च

तुर्कस्तानातील कापाडोकियाचा ज्वालामुखीच्या राखेचा खडक इतका मऊ आहे की, अजिंठ्याचा कठीण बेसॉल्ट पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे नवल वाटावे. याच खडकात गोरेमे येथे कोरलेल्या चर्चपैकी तोकाली आणि करानलिक ही दोन भित्तिचित्रांसाठी विशेष ओळखली जातात.

तोकालीचे जुने दालन १०व्या शतकाच्या आरंभीचे असून तेथे ख्रिस्तचरित्र कमानदार छतावर पट्ट्यापट्ट्यांनी, कथाक्रमाने उलगडत जाते. त्याच शतकात त्याच्या मागे खडक फोडून प्रशस्त नवे दालन कोरले गेले, आणि त्यातील लाजवर्दाच्या गडद निळ्या पार्श्वभूमीवरून आकृत्या जणू पुढे सरकल्यासारख्या भासतात.

करानलिक, म्हणजे काळोखे चर्च, सहसा ११व्या शतकातले मानले जाते. लहानशा खिडकीतून जेमतेम उजेड येत असल्याने तेथील रंग अधिक ताजे राहिले. मधल्या काळात मात्र तिथे कबुतरखाना होता, त्यामुळे चित्रांवरची विष्ठा खरवडून काढावी लागली.

रंगांच्या ताजेपणात करानलिक सरस ठरते; तरी एकच पाहण्याइतका वेळ असेल, तर मी तोकालीच निवडेन, कारण दोन पिढ्यांची चित्रपद्धती तिथे एका उंबरठ्यावर भेटते. गोरेमेच्या खुल्या संग्रहालयाच्या मुख्य फाटकाबाहेर असल्याने ते अनेकांकडून राहून जाते.